खाडाखोड

रामबागेतल्या सभागृहात वादविवाद असला
की घंटा माझ्याकडे.
चौथ्या मिनिटाला एक टोला, पाचव्याला दोन.
पितळी आहे, कुणाच्या तरी देव्हाऱ्यातून आलेली,
परत कुणी मागितली नाही.
फळ्यावर विषय: बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा,
हवा की नको.
'नको'तला न कुणीतरी दोनदा गिरवलेला.

दिवसा मी मोती तबेल्यात
कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेबल लावून अर्ज भरते.
बापाचं नाव, आल्याची तारीख, कोणत्या नाक्यातून,
व्हिसा कसला, हल्ली मुक्काम.
एक आकडा चुकला की अर्ज परत येतो
तीन महिन्यांनी, अर्जदारासकट,
आणि अर्जदार काही बोलत नाही, नुसता उभा राहतो.
तेव्हापासून मी तारखांना भिते.

कौस्तुभ मुंगी म्हणाला, यांना आल्या आल्या घरं मिळतात,
फुकट, तुमच्या-आमच्या पैशातून.
टहलरामची भाडेपावती मीच अर्जाला जोडली होती:
साडेसहा हजार, सिंधी कॉलनीच्या मागे,
पाणी दिवसाआड, जिना बाहेरून.
हात घंटेवर गेला.
पण दोनच मिनिटं झाली होती,
आणि नियमावलीत खोट्याला टोला नाही.

मग स्वानंदी टेंबे उठली. माझ्या बाजूची.
घोटकीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली तिनं:
रात्री, अंगावरच्या कपड्यांनिशी,
लेकरं छातीशी धरून, मागे गोळ्या.
सभागृह गप्प झालं. मग टाळ्या.
मीही वाजवल्या, घंटा मांडीवर ठेवून.

टहलराम दिवसा आला.
आगगाडीनं, तीर्थयात्रेच्या व्हिसावर,
दुकान पडत्या भावात विकून, पण विकून,
शिलाई मशीन गोणपाटात शिवून.
त्याला लेकरं नाहीत.
पुतणी होती. शाळेच्या फाटकाशी
दोन दिवस एकच माणूस उभा राहिला
आणि तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, ही कुणाची?
एवढंच.
एवढ्यावर टाळ्या पडत नाहीत, हे मला माहीत होतं.
म्हणून दिवाळीत स्वानंदीच्या घरी, फराळाच्या ताटलीवर,
मी म्हणाले होते, 'रात्री निघाले बिचारे.'
रात्री हा शब्द माझा.
लेकरं आणि गोळ्या तिनं घातल्या.

कायद्याची प्रत माझ्या पिशवीत होती, जेमतेम चार पानं.
सगळ्या वक्त्यांनी ती उंच धरून दाखवली.
त्यात काही लोकांची नावं आहेत, काहींची नाहीत.
नसलेल्यांबद्दल आमच्या बाजूनं कुणी ब्र काढला नाही.
मीही त्या पानावर
पेन्सिलीची खूण करून पुढे गेले होते.

पहिलं बक्षीस स्वानंदीला.
टहलराम शेवटच्या रांगेत, मीच बोलावलेला,
मराठी त्याला निम्मी कळते.
दाराशी थांबून म्हणाला,
'बहनजी, वो किसका किस्सा था? बहुत बुरा हुआ उसके साथ.'

अर्जात चूक झाली तर
एक रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता येईल अशी,
बाजूला खरं लिहायचं, आणि सही.
पांढरी शाई चालत नाही.

मी मागे वळले.
खुर्च्या दुमडणं चालू होतं. अकरा माणसं असतील,
त्यात स्वानंदी, हातात स्मृतिचिन्ह,
फोटोसाठी केस नीट करत.
एक टोला दिला.
म्हटलं, ती 'रात्र' खोडा. तो दिवसा आला.
लेकरं खोडा. गोळ्या खोडा.
रात्र माझी होती, तिथे माझी सही धरा.

'काकू, पण मुद्दा तर खराच आहे ना?' स्वानंदी म्हणाली.
हो, म्हटलं, म्हणूनच.
तिला ते पटलं की नाही, सांगता येत नाही.
खुर्च्यांचा आवाज थांबला नव्हता.